अमली पदार्थांच्या कटात शिक्षा झाली, आता अपिलात काय होतं?



विषय जरा जड आहे, पण मुळशी तालुक्याला तो आता परका राहिलेला नाही. हिंजवडी, माण, मारुंजीच्या बाजूला हजारो तरुण भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. कोण कुठून आला, काय करतो, हे शेजारच्या खोलीतल्यालाही धड माहीत नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा धागा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत गेला, तेव्हापासून 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, हा शब्द घराघरांत पोचला. त्या प्रकरणाबद्दल आपण बोलणार नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. आपण बोलणार आहोत त्यानंतरच्या पायरीबद्दल. अशा एखाद्या खटल्यात 'कटात सामील' म्हणून कोणाला शिक्षा झाली, तर अपिलात नेमकं काय तपासलं जातं?

याबाबत दोन समजुती सर्रास आढळतात. एक, 'वरच्या कोर्टात केस पहिल्यापासून चालते, तिथे बघून घेऊ.' दुसरी, 'कोर्टाने एकदा दोषी म्हटलं, आता काही होत नाही.' या दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींमुळे घरच्यांचे महत्त्वाचे दिवस वाया जातात.

निकाल कोणी दिला?

सुरुवात जरा लांबून करू, ज्युरीपासून. सिनेमे आणि परदेशी मालिका पाहून अनेकांना वाटतं की मोठ्या गुन्ह्यात ज्युरी असते. आपल्याकडे ती होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर चालला. नऊ जणांची ज्युरी होती. सात जण 'दोषी' म्हणाले, दोघे 'निर्दोष'. सात जणांना कोणता पुरावा पटला आणि दोघांना का पटला नाही, हे त्यांना लिहावं लागलं नाही. ज्युरी कौल देते, कारणं देत नाही.

आता याचा अपिलाशी काय संबंध? फार जवळचा आहे. कारणंच नसतील तर वरच्या कोर्टाने तपासायचं काय? म्हणून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असा नियम होता की ज्युरीसमोर चाललेल्या खटल्यात अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. साक्षीदार खरा की खोटा, पुरावा पुरेसा की अपुरा, हे उकरून काढता येत नसे. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा चुकीचा समजावला किंवा ज्युरीने तो चुकीचा समजून घेतला, असं दिसलं तरच कौलाला हात लावता येई.

नानावटी खटला आपल्याला माहीत आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी 'निर्दोष' म्हटलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने पाहिलं की ज्युरीला कायदा सांगतानाच चुका झाल्या आहेत, आणि तिथून पुढे पुरावा तपासून नानावटींना दोषी ठरवलं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कायम केलं. नानावटीमुळेच ज्युरी गेली असं म्हणतात, पण कायदा आयोगाने ती बंद करावी असं १९५८ च्या चौदाव्या अहवालातच सुचवलं होतं. १९७३ च्या संहितेत ज्युरी राहिलीच नाही. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला १९८५ मध्ये. म्हणजे या कायद्याखाली भारतात ज्युरीने कोणाला दोषी ठरवलं, असं कधी झालेलंच नाही.

अमेरिकेत मात्र आजही अमली पदार्थांच्या कटाचे खटले ज्युरीसमोर चालतात. दोषी ठरवायला ज्युरीचं एकमत लागतं. पण एकदा कौल आला की अपिलाचा दरवाजा अरुंद होतो. 'पुरावा अपुरा आहे' असं म्हणायचं तर १९७९ च्या जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया या निकालातली कसोटी लागते. पुरावा सरकार पक्षाच्या बाजूने झुकवून वाचल्यावरही, कोणत्याही समंजस ज्युरीला दोष सिद्ध मानता आला नसता का, हे बघतात. खटल्यात वेळेवर हरकत घेतली नसेल तर तो मुद्दा अपिलात फार अवघड होतो. आणि तिथल्या फेडरल न्यायालयात अपिलाची नोटीस द्यायला मुदत आहे फक्त चौदा दिवस. ज्यांची मुलं तिकडे शिकतात, नोकरी करतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडे उलट आहे. न्यायाधीश निकालपत्र लिहितात, त्यात प्रत्येक मुद्द्याची कारणं द्यावी लागतात. शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलात हायकोर्ट कायदा आणि पुरावा दोन्ही नव्याने तोलतं. साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत, तेच जबाब, तेच पंचनामे, तेच रासायनिक अहवाल पुन्हा वाचतात. म्हणजे केस पहिल्यापासून चालत नाही, पण निकालाची प्रत्येक ओळ तपासता येते. आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट हीच. आपल्या देशात अपिलाचं भांडवल म्हणजे निकालपत्र. त्यातली कारणं पुराव्यावर उभी आहेत का, एवढाच प्रश्न असतो.

कट म्हणजे काय?

एनडीपीएस कायद्याचं कलम २९ आहे अपप्रेरणा आणि कटाचं. त्याचा मजकूर छोटा आहे, परिणाम मोठा. मूळ गुन्ह्याला जी शिक्षा, तीच कटातल्या माणसाला. प्रत्यक्ष गुन्हा घडला नाही तरी. सूत्रधाराला एक आणि निरोप पोचवणाऱ्याला दुसरी, असा भेद कायद्याच्या मजकुरात नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, माणमध्ये एका फ्लॅटमध्ये चार मुलं राहतात. पहिल्याने साठ ग्रॅम मेफेड्रोन मागवलं. दुसऱ्याने त्याच आठवड्यात पहिल्याला यूपीआयने दोन हजार रुपये पाठवले. तिसऱ्याने गेटवर जाऊन पार्सल घेतलं. चौथा रात्रपाळी करून झोपलेला. छापा पडला, पार्सल हॉलमध्ये सापडलं. चौघांवर कलम २९ लागलं.

मेफेड्रोनची 'व्यापारी मात्रा' पन्नास ग्रॅमपासून पुढे धरतात. साठ ग्रॅम म्हणजे किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि एक ते दोन लाखांचा दंड. किमान शिक्षा कायद्यानेच ठरवलेली आहे, न्यायाधीशांना दया आली तरी दहाच्या खाली येता येत नाही. म्हणून 'हा कटात होता का' या एका प्रश्नावर झोपलेल्या मुलाची दहा वर्षं अवलंबून असतात.

कटाचा गाभा आहे संगनमत, म्हणजे बेकायदा काम करण्याचं आधीचं ठरवणं. कट अंधारात शिजतो, त्याचा लेखी करार कोणी करत नाही, त्यामुळे तो परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध करता येतो हे न्यायालयांनी मान्य केलं आहे. पण एकत्र असणं म्हणजे ठरवणं नव्हे. दुसऱ्याचे दोन हजार भाड्याच्या वाट्याचे असू शकतात. तिसऱ्याला पार्सलमध्ये काय आहे हे माहीत होतं का? चौथ्याविरुद्ध एका छपराखाली राहण्यापलीकडे काय आहे? निकालपत्रात या चौघांसाठी चार वेगळी उत्तरं हवीत. 'सर्व आरोपींनी संगनमताने' या एका वाक्यात चौघांना बांधलेलं असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच आहे.

ऑक्टोबर २०२१ चं मुंबईच्या क्रूझचं प्रकरण आठवा. त्यात जामीन देताना मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती सांबरे यांनी म्हटलं की केवळ एकाच जहाजातून प्रवास केला म्हणून कट ठरत नाही, संगनमत दाखवणारा ठोस पुरावा लागतो. तो जामिनाचा आदेश होता, अपिलाचा निकाल नव्हे, पण विचाराची दिशा त्यातून कळते. अमेरिकेत १९४६ च्या कोट्टेआकोस खटल्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथे अमली पदार्थ नव्हते, खोट्या कर्जप्रकरणांचा मामला होता. एकच दलाल, त्याच्याकडे येणारे वेगवेगळे गट, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. कोर्ट म्हणालं, हा एक कट नाही, अनेक आहेत. चाकाचे आरे आहेत, पण त्यांना जोडणारी धाव नाही. एकाच विक्रेत्याकडून माल घेणाऱ्या दहा अनोळखी माणसांना एका कटात ओवलं जातं, तेव्हा हा विचार उपयोगी पडतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हा कायदा सौम्य नाही. कलम ३५ आणि ५४ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतकं आहेत. माल ताब्यात सापडला तर तो जाणूनबुजून बाळगला असं न्यायालय धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. पण सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये नूर आगा प्रकरणात स्पष्ट केलं की आधी पायाभूत गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, मगच गृहीतक लागू होतं.

निकालपत्र कसं वाचायचं?

पहिली खूण, कबुलीजबाब. अनेक वर्षं या खटल्यांत तपास अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेले जबाब मुख्य पुरावा असत. आरोपीने स्वतःची कबुली दिली, दुसऱ्याचं नाव घेतलं, की त्याच्यावरही शिक्षा. तामिळनाडूतल्या तोफान सिंग प्रकरणात असाच जबाब शिक्षेचा आधार होता. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक बहुमताने ठरवलं की हे अधिकारी पुराव्याच्या कायद्यासाठी 'पोलीस अधिकारी'च आहेत, त्यांच्यापुढची कबुली शिक्षेसाठी वापरता येणार नाही. निकालपत्रातून असा जबाब काढून टाका, आणि मग कटाचं काय उरतं ते बघा.

दुसरी खूण, सहआरोपीचं बोलणं. कटात सामील असलेल्याने कटाच्या उद्देशाने केलेलं किंवा बोललेलं इतरांविरुद्ध वापरता येतं. हे जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ८. पण त्यासाठी कट होता असं मानायला आधी काही वेगळा आधार लागतो. आणि कट संपल्यावर, म्हणजे अटक झाल्यावर पोलिसांना सांगितलेली हकीकत त्यात बसत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४० मध्ये मिर्झा अकबर प्रकरणात हे सांगितलं, ते आजही उपयोगी आहे.

तिसरी, मोबाइल. व्हॉट्सॲप, कॉलचे तपशील, यूपीआयच्या नोंदी. यांच्या प्रती पुराव्यात यायच्या तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. तो मुद्दा सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल यात, पक्का केला. शिवाय दोघांत फोन झाला एवढ्याने काय बोलणं झालं हे कळत नाही.

चौथी, झडती आणि मुद्देमाल. मिळालेली खबर लिहून वरिष्ठांना कळवली का, हे कलम ४२. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेण्याचा हक्क सांगितला का, हे कलम ५०. पण कलम ५० अंगझडतीला लागू आहे, हातातल्या पिशवीला नाही. मॅजिस्ट्रेटसमोर नमुने घेतले का, हे कलम ५२-अ. इथे एक सावधगिरी. 'एक कागद चुकला की सुटका' असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबळे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ५२-अ मधली त्रुटी एकटीच खटला पाडत नाही. त्या त्रुटीमुळे मालाबद्दलच शंका निर्माण होते का, हे पाहायचं.

दिवस मोजा

आता घरच्यांच्या कामाचं. मुळशीतला असा खटला पुण्यातल्या विशेष न्यायालयात चालतो आणि अपील मुंबई हायकोर्टात जातं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा नाही, त्यामुळे मुंबईच. मुदत साठ दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर बसू नये.

प्रतीचं महत्त्व सांगणारं प्रकरण इथल्याच येरवडा कारागृहाशी जोडलेलं आहे. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. हायकोर्टाने कैद्यासाठी निकालाची प्रत तुरुंगाकडे पाठवली होती, पण ती त्याच्या हाती पडल्याची पोच नव्हती. तो सुप्रीम कोर्टात आला तेव्हा चार वर्षांहून जास्त काळ उलटला होता. त्याची शिक्षा काही बदलली नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिलं की निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर राज्याने द्यायचा. आज शिक्षा झालेल्याला प्रत मोफत आणि लगेच द्यायची हे कायद्यातच आहे. तुरुंगात असलेला माणूस अपिलाचा अर्ज कारागृह अधीक्षकांकडे देऊ शकतो, ते तो पुढे पाठवतात. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत विधी सहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१००.

अपील प्रलंबित असताना बाहेर येता येईल का? १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३२-अ ने शिक्षेला स्थगिती द्यायलाच बंदी घातली होती. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य प्रकरणात, ऑक्टोबर २००० मध्ये, सुप्रीम कोर्टाने न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार काढून घेणारा तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. कोर्टाचं म्हणणं असं की अपिलाचा हक्क द्यायचा आणि तो निष्फळ होईल अशी व्यवस्था करायची, हे चालणार नाही. पण कलम ३७ ची अट राहिलीच. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यात, माणूस दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आणि तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही याची खात्री, हे दोन्ही कोर्टाला पटावं लागतं. म्हणून स्थगितीचा अर्जही निकालपत्राच्या बारीक वाचनावरच उभा राहतो.

चिठ्ठ्या

काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

'अपील केलं आणि शिक्षा वाढली तर?' आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवत नाही. पण सरकार वाढीसाठी वेगळं अपील करू शकतं. होस्कोट यांची शिक्षा तशीच वाढली होती. त्यामुळे हा प्रश्न वकिलांना आधीच विचारावा.

'नवा पुरावा देता येतो का?' कोर्टाला आवश्यक वाटलं तर घेता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३२ आहे. पण तो अपवाद आहे. खटल्यात जे सहज देता आलं असतं, ते राखून ठेवून अपिलात काढू म्हटलं तर बहुधा चालत नाही.

'बाकीचे सुटले आणि आमचा एकटाच अडकला, असं कसं?' चांगला प्रश्न आहे. १९५५ च्या तोपनदास विरुद्ध मुंबई राज्य प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की माणूस स्वतःशीच कट करू शकत नाही. आरोप फक्त नाव घेतलेल्या माणसांमधल्या कटाचा असेल आणि एक सोडून सगळे सुटले, तर त्या एकाला कटासाठी दोषी धरता येत नाही. मात्र आरोपपत्रात 'आणि इतर अज्ञात' असं असेल, किंवा माफीचा साक्षीदार असेल, तर उत्तर बदलू शकतं. आणि त्याच्याकडे प्रत्यक्ष माल सापडला असेल तर कट पडला तरी बाळगण्याचा गुन्हा उरतोच.

शेवटची चिठ्ठी आहे, 'इतकं विष पसरवणाऱ्यांसाठी एवढं कशाला बोलायचं?' हा राग समजण्यासारखा आहे. ज्याचं मूल या व्यसनात गेलं त्याला तो विचारायचा अधिकार आहे. पण कलम २९ सूत्रधाराला आणि झोपलेल्या चौथ्या मुलाला एकाच तराजूत घालतं, त्यांना वेगळं करण्याचं काम पुराव्याने करायचं असतं. पुरावा नीट असेल तर अपिलात शिक्षा टिकते, आणि अशा अनेक टिकलेल्या आहेत. नीट नसेल तर दहा वर्षं चुकीच्या माणसाची जातात आणि खरा माणूस बाहेर राहतो.

तेव्हा ज्यांच्या घरात हा प्रसंग आला आहे त्यांनी एवढं करावं. निकालाची प्रत हातात घ्या, तारीख लिहून ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा. आपल्या माणसाचं नाव जिथे जिथे आलं आहे तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपुढे लिहा, हे कोणत्या साक्षीदाराने किंवा कोणत्या कागदाने सिद्ध केलं. ज्या खुणेपुढे काही लिहिता आलं नाही, ते पान वकिलांना आधी दाखवा.